लस, विश्वास आणि गावचा वैद्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. माणसांची प्रकृती, आहार, बल, सात्म्य आणि वय भिन्न असूनही एकाच वेळी एकाच व्याधीने जनपद उद्ध्वस्त का होते, हा अग्निवेशाचा प्रश्न. आणि वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात, ते दूषित झाले की व्याधीही समान होतो, हे आत्रेयांचे उत्तर. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा या अध्यायाचे स्मरण अनेक व्यासपीठांवरून केले गेले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्यासोबत चर्चाही थंडावली. तथापि आपल्या व्यवसायापुरता एक प्रश्न अद्याप अनुत्तरित राहिला आहे. लस उपलब्ध असूनही काही वस्त्यांनी ती दीर्घकाळ नाकारली, ती का? आणि त्या नकारात अथवा स्वीकारात गावच्या वैद्याचा व औषधविक्रेत्याचा वाटा किती होता?

खाडीपलीकडचे गाव

दुर्गम म्हटले की सातपुडा, मेळघाट किंवा गडचिरोली डोळ्यांसमोर येते. परंतु दुर्गमता केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. मनोरी हे गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. मार्वेच्या धक्क्यावरून होडीने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. मात्र होडी चुकली तर गोराई, उत्तन, भाईंदर असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि वारली पाड्यांवरील आदिवासी अशी येथील वस्ती. मासेमारी, सुकी मासळी, थोडी शेती आणि पर्यटकांसाठीची निवासस्थाने हा चरितार्थ. खाडीच्या एका तीरावर महानगर आणि दुसऱ्या तीरावर खेडे, अशी ही रचना आहे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरणास प्रारंभ झाला. १ मार्चपासून साठीपुढील नागरिकांना व सहव्याधी असलेल्या पंचेचाळीस वर्षांपुढील व्यक्तींना, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांपुढील सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांपुढील सर्वांना लस खुली झाली. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी प्रथम कोविन संकेतस्थळावर पूर्वनोंदणी अनिवार्य होती. शासकीय केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा २४ मे रोजी मिळाली. ज्याच्याकडे साधा भ्रमणध्वनी आहे आणि जो पहाटे होडी घेऊन समुद्रात जातो, त्याने काही क्षणांत संपणाऱ्या वेळा कशा पकडाव्यात? खाडीकाठच्या माणसाची लसीशी पहिली भेट झाली ती अशा बंद दारापाशी. पुढे त्याच्या मनात जो संशय वाढला, त्याची मुळे शोधताना हे विसरून चालणार नाही.

नकाराची कारणे

चिकित्सालयात त्या काळात जे प्रश्न कानी आले, त्यांचे वर्गीकरण केले तर चार गट पडतात.

पहिला गट मजुरीचा. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ज्वर व अंगमर्द होतो. मासिक वेतन घेणाऱ्यास ही किरकोळ बाब. रोज मासळीची पाटी उचलणाऱ्या स्त्रीस ती दोन दिवसांची उपासमार. "डॉक्टर, ताप आला तर बाजार कोण करणार?" हा प्रश्न अज्ञानाचा नसून हिशोबाचा आहे.

दुसरा गट अफवांचा. लस घेतल्याने वंध्यत्व येते, दोन वर्षांत मृत्यू येतो, मासिक पाळीच्या दिवसांत लस घातक ठरते, ही वाक्ये भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचली. त्यांपैकी एकासही शास्त्रीय आधार नव्हता.

तिसरा गट अर्धसत्याचा, आणि हा सर्वांत अवघड. ॲस्ट्राझेनेका लसीनंतर अतिविरल प्रमाणात रक्तात गुठळ्या होऊन बिंबाणू घटतात, असा संबंध असल्याचे युरोपीय औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच मान्य केले होते. आपल्याकडे हीच लस कोविशिल्ड या नावाने पुण्यात तयार झाली. २०२४ साली ब्रिटनमधील न्यायालयीन प्रकरणाच्या निमित्ताने हा विषय पुन्हा वृत्तपत्रांत आला आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेले रुग्ण भयभीत होऊन आपल्याकडे आले. "काहीही होत नाही" असे ज्यांनी २०२१ मध्ये सांगितले होते, त्यांची या वेळी अडचण झाली. "क्वचित होऊ शकते, परंतु व्याधीपासूनचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे" असे ज्यांनी सांगितले होते, त्यांचा शब्द टिकला.

चौथा गट फसवणुकीच्या भीतीचा. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका गृहसंकुलात झालेले लसीकरण शिबिर बनावट निघाले. सुमारे ३९० रहिवाशांनी तेथे पैसे मोजून सुई टोचून घेतली होती. सुशिक्षित वस्तीत असे घडल्याची वार्ता पलीकडच्या तीरावर पोहोचावयास वेळ लागला नाही. त्यानंतर कुणी लसीच्या कुपीविषयी प्रश्न विचारला, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास उरतो?

मुंबईचा जुना धडा

हा अनुभव मुंबईस नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळा कारागृहातील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांवर तिची परीक्षा झाली.

त्याच काळात शासनाचा दुसरा हात सक्तीचा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. घरझडती आणि रुग्णांना बळाने हलविणे यांमुळे लोकांच्या मनात रुग्णालयाविषयी व्याधीइतकीच धास्ती बसली. आर्थर रोड रुग्णालयावर ऑक्टोबर १८९६ मध्येच जमाव चालून गेला होता. पुण्यात त्या रोषाचे पर्यवसान जून १८९७ मध्ये रँडच्या हत्येत झाले.

याउलट तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः प्लेगची लस टोचून घेतली. ज्याच्यावर विश्वास आहे तो प्रथम बाही वर करतो, तेव्हा आज्ञेची आवश्यकता उरत नाही.

आणखी एक प्रसंग आपण लक्षात ठेवावा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी दूषित कुपीतील लस टोचलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. त्यांची निर्दोष मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेस पुढे १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. एक दूषित कुपी अनेक वर्षांचा विश्वास गिळते, हे या प्रसंगाचे तात्पर्य. म्हणूनच शीतसाखळी, निर्जंतुकीकरण आणि नोंदी यांविषयीची दक्षता हा तांत्रिक तपशील नसून लोकविश्वासाचा पाया आहे.

डोंगराळ जिल्ह्यांचा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या गावांत रस्ता नाही. तेथे बोट-रुग्णवाहिकेतून पथके लस घेऊन गेली. मेळघाटात मराठीतील पत्रके निरुपयोगी ठरली. कोरकू बोलीतून समजावणी करावी लागली आणि गावच्या पारंपरिक भूमकास सोबत घेणे भाग पडले. पालघरच्या जव्हार-मोखाडा भागात दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतरित होतात. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे करण्यात आल्यावर, पहिली मात्रा गावी घेतलेला मजूर दुसऱ्या मात्रेच्या वेळी कोठे असेल, हे कोण सांगणार?

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यात 'मिशन कवच कुंडल' व नोव्हेंबरपासून देशात 'हर घर दस्तक' ही मोहीम झाली. लस माणसाच्या दारापर्यंत गेली. दुसरीकडे औरंगाबाद जिल्ह्यात (आताचे छत्रपती संभाजीनगर) नोव्हेंबर २०२१ मध्ये किमान एक मात्रा घेतलेल्यांनाच शिधा, पेट्रोल व गॅस देण्याचा आदेश निघाला. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच लोकल प्रवासाची मुभा होती. अशा बंधनांनी रांगा वाढतात, यात शंका नाही. परंतु रांगेत उभा राहिलेला माणूस पटल्यामुळे उभा आहे की नाइलाजाने, हे पुढच्या लसीच्या वेळी उघड होते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा बाधित बालकांत लस न घेतलेल्यांचे प्रमाण मोठे होते. साथीच्या काळात विस्कळीत झालेले नियमित लसीकरण आणि मनात राहून गेलेला संशय, या दोहोंची किंमत बालकांनी मोजली.

आपले शास्त्र काय सांगते

"डॉक्टर, तुमचा काढा घेते आहे, मग सुई कशाला?" हा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकास विचारला गेला असेल. त्याचे उत्तर निःसंदिग्ध असावयास हवे. रसायन व व्याधिक्षमत्व या संकल्पना आपल्या शास्त्राच्या वैभव आहेत. परंतु विशिष्ट विषाणूविरुद्ध विशिष्ट प्रतिकार निर्माण करणे हे लसीचे कार्य आहे आणि काढा त्याचा पर्याय नव्हे. आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच कोविडवरील उपचारांच्या निराधार दाव्यांची प्रसिद्धी रोखण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. तरीही अनेक दुकानांच्या फलकांवर 'कोरोनापासून संरक्षण' हे शब्द झळकले. त्या हंगामात विक्री वाढली, हे औषधालयचालक बंधूंना ठाऊक आहे. परंतु ग्राहकाने कषायचूर्णाची पुडी घेऊन लसीकडे पाठ फिरवली असेल, तर त्या व्यवहारात नफा कोणाचा आणि हानी कोणाची, याचाही हिशोब मांडला पाहिजे.

दुसऱ्या टोकाचा मोहही टाळावा. लस ही मूळची आयुर्वेदाचीच, असे सांगून गाईच्या आचळावरील देवीच्या लसीचे वर्णन करणारा धन्वंतरीच्या नावाचा एक श्लोक प्रसृत केला जातो. उपलब्ध चरक, सुश्रुत व वाग्भट संहितांत असा श्लोक नाही आणि अभ्यासकांनी त्याची प्राचीनता अमान्य केली आहे. बंगालमध्ये टीकादार मंडळी देवीच्या पुळीतील द्रव्याने टोचणी करीत, त्याचे वर्णन हॉलवेल यांनी १७६७ मध्ये प्रसिद्ध केले. ही खरी नोंद आहे आणि ती पुरेशी गौरवास्पद आहे. खोट्या दाखल्याने पटवलेली गोष्ट दाखला उघडा पडताच कोसळते.

शास्त्राचा आधारच हवा असेल तर तो आप्तोपदेशाचा घ्यावा. रज व तम यांपासून मुक्त, ज्याच्या बोलण्यात स्वार्थ व मोह नाही, त्याचे वचन प्रमाण मानावे असे चरकाचार्य सांगतात. खेड्यातील माणूस नेमकी हीच कसोटी लावतो. सांगणाऱ्याचा यात लाभ काय, आणि उद्या ताप आला तर हा भेटेल काय, हे तो पाहतो. त्रिविध औषधांपैकी सत्त्वावजयाचे स्थान येथे आहे. अहितकर विषयापासून मनाचा निग्रह करावयाचा, तर प्रथम त्या मनातील भय ऐकून घेतले पाहिजे.

व्यवहारात काय करावे

आदिवासी भागांतील भरारी पथकांत आणि शालेय आरोग्य तपासणीच्या पथकांत बी. ए. एम. एस. वैद्य वर्षानुवर्षे कार्यरत आहेत. म्हणजे ही जबाबदारी आपल्याकडे आधीच आलेली आहे. ती पार पाडताना पुढील पथ्ये उपयुक्त ठरतील.

१) शिबिराची वेळ गावाच्या दिनक्रमानुसार ठरवावी, असा आग्रह आरोग्य विभागाकडे धरावा. किनारपट्टीवर भरती-ओहोटी व बाजाराची वेळ पाहावी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुरुष गावात असतात, त्याचा लाभ घ्यावा. भट्टीवर जाणाऱ्यांची नावे स्थलांतरापूर्वी नोंदवावीत.

२) अपेक्षित त्रास आधीच सांगावा आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी. ज्या घरी वैद्य दुसऱ्या दिवशी चौकशी करतो, तेथील शेजारी तिसऱ्या दिवशी स्वतःहून विचारणा करतात.

३) विरल दुष्परिणाम लपवू नयेत, त्यांचे प्रमाण व्याधीच्या धोक्याशेजारी ठेवून सांगावे. लक्षणे तीव्र असल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

४) औषधालयचालकांनी व्याधिप्रतिबंधाचा दावा करणारे फलक लावू नयेत. 'हे घेतले तर लस नको' असा समज ग्राहकाच्या बोलण्यात दिसला, तर गल्ल्यावरच तो दूर करावा.

५) भगत, भूमका, धर्मगुरू, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी आणि आशा कार्यकर्ती यांच्याशी साथ नसतानाच संबंध ठेवावेत. साथ आल्यावर केलेली ओळख कामाची असेलच असे नाही.

६) नकार देणाऱ्याचा उपचार थांबवू नये. तो पुन्हा आपल्याकडे येत राहिला, तरच त्याचे मत बदलण्याची संधी राहते.

पुढील जनपदोद्ध्वंस कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तो येईल तेव्हा लस कदाचित कोविडच्या वेळेपेक्षाही लवकर तयार होईल. विश्वास मात्र प्रयोगशाळेत तयार होत नाही. तो आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर आणि औषधालयाच्या गल्ल्यावर, रोजच्या साध्या, खऱ्या उत्तरांतून साठत जातो. ते काम साथीची वाट न पाहता आजपासून करण्याजोगे आहे.