मन मोजायची पट्टी कोणाच्या हातात?

थर्मामीटर कोणत्याही नर्सने लावला तरी ताप तेवढाच दिसतो. 'हा आरोपी सायकोपॅथ आहे' हे ठरवणारी मोजणी तशी नसते.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी २० मुद्द्यांची यादी केली. सराईत थापा मारणे, पश्चात्ताप नसणे, कणव नसणे वगैरे. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ४० पैकी ३० झाले की अमेरिकेत सहसा हा शिक्का बसतो. आता सांगा, पश्चात्ताप मोजायचा कसा? गप्प बसलेला कैदी एकाला निर्ढावलेला वाटतो, दुसऱ्याला घाबरलेला.

२०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरावर तज्ज्ञांना त्याच आरोपींचे कागद दिले. काहींना सांगितले, तुम्ही सरकार पक्षाचे. काहींना, बचाव पक्षाचे. सरकार पक्षवाल्यांनी जास्त गुण दिले! हे मुद्दाम खोटे बोलणे नव्हे, नकळत घडते.

टेक्सासमध्ये डॉ. जेम्स ग्रिगसन यांनी साक्ष दिली, की रँडल अ‍ॅडम्स पुढेही धोकादायकच राहील. फाशीची शिक्षा झाली. पुढे खटल्यातल्या खोट्या साक्षी उघड झाल्या आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला.

आपल्याकडे 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' निकालात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने फाशीआधी आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल मागवायला सांगितले. बरेच झाले. पण कोणाच्या घरावर अशी वेळ आली, तर वकिलामार्फत जरूर विचारा: तपासणारे कितीदा भेटले? आरोपीच्या भाषेत बोलले का? आईला, शेजाऱ्यांना काही विचारले का?