ट्रॅक्टरची विश्रांती

परदेशी ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये ‘हिवाळ्यासाठी मशीन बंद ठेवणे’ असं एक प्रकरण असतं. तिकडे बर्फ पडतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. आपल्या रायगडात ही भीती नाही. मग आपण काहीच करायचं नाही का? करायचं! आपला शत्रू थंडी नाही, दमट खारी हवा आहे.

माझ्या मामांकडे पेणजवळ मिनी ट्रॅक्टर आहे. जुलैत भाताची चिखलणी संपली की त्याला फारसं काम उरत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे धुणं. केज व्हील आणि ॲक्सलला चिकटलेला चिखल ओलावा धरून ठेवतो. सुकल्यावर ग्रीस भरायचं.

इंजिन ऑईल उभं करण्याआधीच बदलावं, नंतर नव्हे. जुन्या ऑईलमध्ये काजळी, ओलावा आणि आम्ल असतं, ते बेअरिंग खातं. नवं ऑईल सगळीकडे पोचावं म्हणून इंजिन थोडा वेळ चालवायचं.

डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन तिचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि पंप, इंजेक्टर गंजवतं. रेडिएटरमध्ये बर्फ नसला तरी कूलंटच हवा, कारण त्यात गंजरोधक असतं.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ते शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला की शॉर्ट सर्किट! बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली तशीच राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंग. क्लच पेडल दाबून लाकडी पाचर लावली की क्लच प्लेट गंजून चिकटत नाही. सायलेन्सरचं तोंड मात्र झाकायला विसरू नका.

पुन्हा काम सुरू करण्याआधी, म्हणजे मे अखेरीस, पाचर आणि झाकण काढायचं. एअर फिल्टर आणि वायरिंगमध्ये उंदरांनी संसार थाटलाय का ते बघायचं. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडून लाईनमधली हवा काढायची. ऑईल, टायरमधली हवा, चाकांचे नट आणि ब्रेक तपासायचे. स्टार्ट केल्यावर ऑईल प्रेशरचा दिवा विझला नाही तर इंजिन लगेच बंद!

एवढी धडपड कशासाठी? भाताचं रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं झालं की लावणीला येतं. पाऊस, रोप आणि मजूर तिन्ही तयार असताना ट्रॅक्टर रुसला, तर रोप थांबत नाही, ते जून होतं आणि उत्पन्न घटतं. गॅरेजवाल्याकडेही तेव्हाच रांग असते.

आणि हो, सुट्टीत हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या राहणाऱ्या बाईकची बॅटरीही याच नियमाने उतरते बरं का! घरी निघण्यापूर्वी निगेटिव्ह वायर काढून ठेवायला पाच मिनिटं पुरतात.