कुठला रॉबिन?

कॉमिक्स असो, गेम्स असोत की बुद्धिबळ. मुलगा आला की ‘ये, बस’. मुलगी आली की आधी तोंडी परीक्षा! हे परीक्षक येतात तरी कुठून?

गेल्या वर्षीची गोष्ट. मुंबईत कॉमिक्सवाल्यांचा मोठा मेळा भरला होता. लोकलचे धक्के खाऊन, रांगेत अर्धा तास उभी राहून मी आत पोचले. अंगात माझा लाडका, धुऊन धुऊन विटलेला बॅटमॅनचा टी-शर्ट. एका स्टॉलवर जुने अंक चाळत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, ‘‘नाइस टी-शर्ट. बॉयफ्रेंडचा का?’’

मी हसून सोडून दिलं. (अशा वेळी हसून सोडून द्यायची प्रॅक्टिस आपल्याला शाळेपासून असते.) पण साहेब रंगात आले होते. ‘‘नाही म्हणजे, हल्ली फॅशनच आहे ना... बरं, सांग बघू, रॉबिनचं खरं नाव काय?’’

‘‘कुठला रॉबिन?’’ मी विचारलं. ‘‘पहिला डिक ग्रेसन, १९४० चा. मग जेसन टॉड, ज्याला वाचकांनी १९८८ मध्ये फोनवरून मतं देऊन मारलं. मग टिम ड्रेक. मग स्टेफनी ब्राउन, ही मुलगी होती बरं का. आणि मग डेमियन, बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा. यातला कुठला हवाय?’’

वाटलं, आता स्वारी गार पडणार. तर तो म्हणाला, ‘‘अच्छा, पाठ करून आलीयस!’’

म्हणजे बघा. उत्तर आलं नसतं तर ‘नुसता शो-ऑफ’. उत्तर आलं तर ‘पाठ करून आली’. या परीक्षेत पास व्हायची सोयच नाही. आणि तसलाच टी-शर्ट घालून आजूबाजूला निदान दहा मुलं फिरत होती. त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

हे हसण्यावारी न्यावं, असंही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत गेम बनवणाऱ्या आणि गेम्सवर टीका करणाऱ्या बायकांना ठार मारायच्या धमक्या आल्या. त्यांतल्या अनिता सार्कीझियन यांना गोळीबाराच्या धमकीमुळे एका विद्यापीठातलं भाषण रद्द करावं लागलं. ‘रॉबिनचं नाव सांग’ हे त्याच रस्त्यावरचं पहिलं स्टेशन.

तू स्कोअर लिही गं!

माझी पहिली परीक्षा घरातच झाली. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ९७ च्या दिवाळीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. आणला ‘दोघांत मिळून’. प्रत्यक्षात कंट्रोलर दादाच्या हातात आणि वही-पेन माझ्या. ‘‘तू स्कोअर लिही गं!’’ नदीवरून विमान न्यायचं, पूल उडवायचे, पेट्रोल संपायच्या आत टाकीवरून जायचं... रिव्हर रेड! तो क्लासला गेला की मी खेळायचे. एका दुपारी मी त्याचा स्कोअर मोडला. वहीत मात्र लिहिला नाही. कशाला उगाच भांडण?

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की १९८२ साली ॲक्टिव्हिजनसाठी रिव्हर रेड डिझाइन केला तो कॅरोल शॉ नावाच्या बाईनं. ती सगळी नदी एका बाईनं वाहती केलेली, आणि तिच्या काठावर मी वही घेऊन बसलेली!

कॉलेजात सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायला गेले, तर मालक म्हणाला, ‘‘मॅडम, प्रिंटआउट काढायचाय का?’’ घरी ब्रॉडबँड आल्यावर मी ‘विकी’ नावानं खेळायला लागले. विकी चांगला खेळला तर शाबासकी, वाईट खेळला तर शिवी. हिशेब स्वच्छ. एकदाच स्वतःच्या नावानं खेळले. हरले तेव्हा ‘मुलगी ना!’ आणि जिंकले तेव्हा ‘मुद्दाम सोडलं असणार’. दुसऱ्या दिवशी विकी परत आला.

नोकरी चालेल, नाद नको

गंमत अशी, की कॉम्प्युटर मुलींचा नाही, असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली भरपूर होत्या. आयटी म्हणजे एसीतलं काम, बरा पगार, रात्री कॅब दारात. स्थळं बघताना हा प्लस पॉइंट! पण बायोडेटात ‘छंद’ या रकान्यात मी ‘गेमिंग’ लिहिलं, तर आईनं तो शब्द खोडून ‘वाचन, संगीत’ केलं. मला सारेगम धड म्हणता येत नाही!

दादा चाळिशीला टेकलाय. शनिवारी रात्री तो प्लेस्टेशन लावून बसला, की ‘बिचारा आठवडाभर दमतो’. मी बसले, की ‘अजून खेळतेस?’ म्हणजे मुलीनं कॉम्प्युटरवर पैसे कमवावेत, वेळ घालवू नये. नोकरी चालेल, नाद नको. आणि गीक होण्यासाठी नादच तर लागतो.

पटावरची मुलगी

नादाचा विषय निघालाच आहे, तर बुद्धिबळाकडे बघा. आपल्याकडचा सगळ्यात जुना गीक खेळ. १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असं करणारी ती पहिली भारतीय मुलगी. केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला, की बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला पटापर्यंत पोचायला कोर्टाची पायरी!

बरं, आता दार उघडं आहे म्हणावं, तर २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखनं जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षकांचं लक्ष तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब याकडेच होतं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, ती वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिचं उत्तर पटावर आलं. पण प्रत्येकीनं आत यायला वर्ल्ड कपच जिंकायचा का?

आणि मग मी...

इथवर मी हिरॉइन होते. आता खरं सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये सोलापूरची एक फ्रेशर आली. तिच्या डेस्कवर छोटासा ग्रोगू, म्हणजे स्टार वॉर्सवाला ‘बेबी योडा’. मी तिची मेंटॉर. कॉफी घेऊन गेले आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘अरे वा! सिनेमे कुठल्या क्रमानं पाहिलेस? रिलीजच्या की गोष्टीच्या?’’

‘‘सिनेमे नाही पाहिले, मॅम. याचे कान आवडले, म्हणून घेतला.’’

‘‘अच्छा,’’ मी म्हणाले. अगदी तेच ‘अच्छा’.

दुसऱ्या दिवशी ग्रोगू डेस्कवर नव्हता. ड्रॉवर उघडला तेव्हा दिसला, चार्जरच्या वायरींखाली.

त्या रात्री झोप लागली नाही. मी असं का केलं? रॅगिंग सोसलेलीच पुढच्या वर्षी रॅगिंग घेते, त्यातलाच प्रकार. वीस वर्षं घासून मी या दारातून आत आले. ही नुसते कान आवडले म्हणून आत येणार? मग माझ्या मार्कांची किंमत काय?

पण दाराशी प्रश्न नसला, तर काय होतं, हे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं करून पाहिलंय. १९९५ मध्ये तिथं कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या बॅचमध्ये मुली होत्या जेमतेम ७ टक्के. प्रवेश देताना ‘आधी किती कोडिंग केलंयस?’ या प्रश्नाचं वजन त्यांनी कमी केलं आणि नवख्यांसाठी सुरुवातीचे कोर्स वेगळे आखले. २००० मध्ये मुली झाल्या ४२ टक्के. येताना काय येतं, यावर सगळं ठरत नाही. शिकता येतं की!

सोमवारी मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘त्यात काय, मॅम!’’ हसून सोडून द्यायची प्रॅक्टिस तिलाही होतीच. मग शुक्रवारी काम संपल्यावर मीटिंग रूममध्ये १९७७ चा पहिला सिनेमा लावला, वडापाव मागवले. तिनं मध्येमध्ये इतके प्रश्न विचारले, की सिनेमा संपायला चार तास लागले. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

ग्रोगू परत डेस्कवर आलाय. परवा माझ्या टी-शर्टकडे बघत तिनं विचारलं, ‘‘ताई, बॅटमॅनचा तो रॉबिन म्हणजे नक्की कोण?’’

‘कुठला रॉबिन?’ हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. शेजारची खुर्ची ओढली.

‘‘बस. मोठी गोष्ट आहे.’’