घोड्याचा चारा आणि टाकीभर गरम पाणी

नाशिकचे एक वाचक मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेला निघालेत. तिथे मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन बघायचा बेत आहे. गाडीच्या व्हिडिओत त्यांना गरम पाण्याची दोन बटणं दिसली, एक गॅसचं, एक विजेचं. ते विचारतात, दोन कशाला? आणि छतावर सोलर असताना गॅस जाळायचाच कशाला?

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. सोलर-बॅटरीवाल्या, 'गॅसमुक्त' गाड्यांच्या जाहिराती हल्ली जोरात आहेत आणि त्यांत दिवे, फ्रिज, लॅपटॉप सगळं दाखवतात. आंघोळ मात्र सहसा दाखवत नाहीत.

हिशेब करून बघू. अशा गाडीतली टाकी बहुधा 6 अमेरिकन गॅलनची, म्हणजे साधारण 23 लिटरची. 15 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला लागतात सुमारे 1.2 युनिट. त्यात गार पाणी मिसळलं की आपल्या मापाने दोन बादल्या होतात. घरच्या वीजबिलात हे लक्षातही येणार नाही. पण 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत मुळात साठतात तेवढेच 1.2 युनिट. बॅटरी शिशाची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे दोन बादल्यांसाठी दोन बॅटऱ्या, प्रत्येकी 25 ते 30 किलोंची. छतावरचं 200 वॉटचं पॅनल लख्ख उन्हाच्या दिवशी जेमतेम एक युनिट देणार. दिवसभराचं ऊन एका टाकीलाही पुरत नाही! आणि प्रोपेन? धुराड्यातून पाव उष्णता वाया गेली असं धरलं तरी 125 ग्रॅमच्या आसपास. एका बऱ्यापैकी कांद्याचं वजन.

इथे मला काउंट रम्फर्ड आठवल्याशिवाय राहत नाही. हा मूळचा बेंजामिन थॉम्प्सन, जन्म 1753 चा, मॅसॅच्युसेट्समधला. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची बाजू घेतल्यामुळे देश सुटला आणि स्वारी पुढे बव्हेरियाच्या दरबारी रुजू झाली. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोकं पाडताना धातू किती तापतो हे बघून त्याने मुद्दाम बोथट पातं लावलं, भोवती लाकडी पेटी बसवून तिच्यात साडेआठ लिटर पाणी भरलं आणि घोड्यांकरवी यंत्र फिरवत ठेवलं. अडीच तासांनी पाणी खळखळ उकळलं. विस्तवाचा पत्ता नाही आणि पाणी उकळतंय! बघ्यांची तोंडं उघडीच राहिली, आणि आपल्यालाही पोरासारखा आनंद झाला हे त्याने लपवलं नाही. उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे, या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या मताला त्याने असा धक्का दिला. (पुढे याने लाव्हाझिएच्या विधवेशीच लग्न केलं. ते टिकलं नाही. एका भांडणात बाईंनी त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं होतं.)

मला शाळेत ही गोष्ट इथवरच शिकवली. 1798 साली छापलेल्या त्याच्या निबंधातलं माझं सर्वांत लाडकं निरीक्षण त्यात नव्हतं. पाणी तापवायची ही पद्धत कोणी प्रत्यक्षात वापरू नये, असं रम्फर्ड स्वतःच बजावतो, कारण घोड्याला जो चारा घालायचा तोच थेट चुलीत घातला तर जास्त उष्णता मिळेल!

मोटरहोममध्ये जनरेटर लावून विजेवर पाणी तापवणारा अगदी हेच करतो. इंजिनात पेट्रोल जाळायचं, त्यातली तीनचतुर्थांश उष्णता हवेत सोडायची, उरलेल्याची वीज करायची आणि त्या विजेची परत उष्णता. पाण्याला ऊब हवी असेल तर चारा थेट चुलीत घालावा. काही गाड्यांत याहून हुशार सोय असते. इंजिनाचं नव्वदेक अंशांचं कूलंट टाकीला लपेटलेल्या नळीतून फिरवतात. दिवसभर गाडी चालवून मुक्कामी पोचेस्तोवर पाणी आपोआप तापलेलं असतं. हा घोड्याचा घाम, तो फुकटच मिळतो.

गॅसचं बटण दाबलंत की बाहेरच्या जाळीमागे टिकटिकटिक असा आवाज येतो, मग भक्क, आणि स्टोव्ह पेटल्यासारखी घरघर. आत रचना आपल्या तांब्याच्या बंबासारखीच, फक्त पाण्यातून जाणारी नळी आडवी असते आणि वळसा घेऊन बाहेर येते. ठिणगी आणि गॅसची झडप मात्र 12 व्होल्टवर चालतात. बॅटरी साफ उतरली असेल तर सिलिंडर भरलेला असूनही पाणी गारच राहील.

मग विजेचं बटण कधी लावायचं? कॅम्पग्राउंडच्या खांबाला केबल जोडली की. तिथला घोडा दुसऱ्याचा, चाराही बहुतेक वेळा जागेच्या भाड्यात धरलेला. मात्र अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, त्यामुळे हीटरची कॉइल 1400 वॉटच्या आसपास असते, आपल्या 2000 वॉटच्या गीझरपेक्षा मवाळ. टाकीला पाऊण ते एक तास लागेल. गॅसवर साधारण अर्धा, आणि घाई असेल तर दोन्ही एकदम लावता येतात. 30 अँपिअरच्या जोडणीत एकूण 3600 वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकाच वेळी लावलात तर ब्रेकर पडलाच म्हणून समजा.

यलोस्टोनच्या गार रात्री गॅस गोठेल, ही भीती नको. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनही असतो आणि तो शून्याच्या जवळच मान टाकतो, म्हणून स्पितीला कॅराव्हॅन नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक मात्र न विसरता करा. गाडी ताब्यात घेतल्यावर विजेच्या बटणाला हात लावण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा. आधी फुसफुस हवा येईल, मग अडखळत पाणी. धार सलग झाली की टाकी भरली. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते, आणि तिचे पैसे तुमच्या अनामत रकमेतून कापले जातील.