काळ्या पाषाणातले हायकोर्ट

बांधाचा नाहीतर कुळाचा दावा घेऊन आपल्या कर्जत-खालापुरातला माणूस मुंबईच्या हायकोर्टात जातो, तेव्हा त्याची नजर वकिलाच्या तोंडाकडे आणि पुढच्या तारखेकडे असते. इमारत पाहायला सवड कुठली! तहसीलदार, प्रांत, महसूल न्यायाधिकरण असे चढत चढत कुळकायद्याचे दावे तिथे पोहोचतात. तोवर आजोबांचा दावा कित्येकदा नातवाच्या हाती आलेला असतो.

पण खेप पडलीच, तर ओव्हल मैदानात उभे राहून एकदा मान वर करावी. कर्नल फुलर या लष्करी इंजिनिअरने आखलेल्या या इमारतीचे काम १ एप्रिल १८७१ रोजी सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. लांबी ५६२ फूट. अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचे, खर्च १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये उरले! सरकारी नोकरीत केस पिकलेल्या मला याचेच नवल अधिक वाटते.

भिंतींचा काळा पाषाण आपल्या ओळखीचा. माथेरान-प्रबळचे कडे ज्या खडकाचे, त्याच जातीचा हा बेसाल्ट. टणक, पाणी कमी पिणारा, पण नाजूक नक्षीला अवघड. म्हणून कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड आणला. टोकदार कमानी विलायती गॉथिक धाटणीच्या, पण त्यांच्यामागचे खोल व्हरांडे आपल्या हवेला धरून. पश्चिमेचा पाऊस आणि दुपारचे ऊन व्हरांड्याने अंगावर घ्यायचे, आतली खोली कोरडी नि थंड ठेवायची. आपल्या कौलारू घराची पडवी दुसरे काय करते?

पश्चिमेच्या दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. शिवाय कोरीव कामात एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड आहे. वकिली पोशाखातला कोल्हाही आहे. कोरणाऱ्याने कधीतरी कोर्टाची पायरी चढलेली असावी!

इथल्याच मध्य दालनात १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक १९३७ साली मांडणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी वकिली केली तीही याच कोर्टात.

हायकोर्टासाठी आता वांद्र्याला नवी वास्तू व्हायची आहे. २०२४ साली भूमिपूजन झाले. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसू लागले, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांची मुंबईची खेप वाचली. रायगडचे दावे मात्र मुंबईतच राहिले. तेव्हा कर्जत-खोपोलीच्या लोकलने सीएसएमटीला उतरून, कागदांची पिशवी सांभाळत हुतात्मा चौकाकडे चालायचे, ते आहेच.