९१ वर्षांचा ट्रंपेटवादक

ट्रंपेट हें म्हातारपणाला फार निर्दय असें वाद्य होय. सतारींत तार बोलते. ट्रंपेटांत मात्र वाजविणाराचे ओठच थरथरून सूर उत्पन्न करितात. साडेचार फुटांहून लांब अशी पितळेची नळी दुमडून हें वाद्य बनवितात, आणि त्यास कळा अवघ्या तीन. त्यामुळें एकाच कळेवर ओठ कमीअधिक ताणून व श्वासाचा जोर बदलून अनेक स्वर काढावे लागतात. वरातींतला बँडवाला तांबडाबुंद होतो तो उगीच नव्हे! दांत हलूं लागले, छातीचा भाता थकला, कीं बहुतेकांचें वादन तेथेंच संपतें.

म्हणूनच अमेरिकेंतील अडॉल्फस ऊर्फ ‘डॉक’ चीथम याची हकीकत विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्याजोगी आहे. त्याचा जन्म नॅशव्हिल येथें १९०५ सालीं झाला. मुलानें औषधें बनविण्याची विद्या शिकावी अशी घरच्यांची इच्छा होती. ती विद्या राहिली; वैद्यकी टोपणनांव मात्र जन्मभर चिकटलें. पुढें कॅब कॅलोवेच्या प्रसिद्ध वाद्यवृंदांत तो मुख्य ट्रंपेटवादक झाला. या कामांत लिहिलेले स्वर बिनचूक वाजवून इतरांस सांभाळून न्यावयाचें असतें. स्वतंत्र विस्ताराचा मान बहुधा दुसऱ्यास मिळतो. अशा कामांत त्याचें अर्धें आयुष्य गेलें.

सत्तरीच्या सुमारास त्यानें एक विलक्षण गोष्ट आरंभिली. आपलें वादन मुद्रित करून तो कठोरपणें ऐकूं लागला, आणि घोटून गुळगुळीत झालेल्या त्याच त्या जागा वगळूं लागला. स्वतःचेंच वादन परक्यासारखें ऐकणें ही सोपी साधना नव्हे. १९७७ सालीं पॅरिसमध्यें ध्वनिक्षेपक तपासण्याकरितां तो सहज गायिला, तें मुद्रित झालें, आणि तेव्हांपासून गायनही सुरू झालें.

१९९६ सालीं न्यू ऑर्लिन्स शहरांत त्यानें निकोलस पेटन या तेथील तरुण ट्रंपेटवादकाबरोबर जुन्या ‘स्टँडर्ड’ गीतांची ध्वनिमुद्रिका केली. दोघांच्या वयांत ६८ वर्षांचें अंतर! आपल्याकडे एकच बंदिश प्रत्येक गवई आपल्या परीनें मांडतो. जॅझमध्यें ‘स्टँडर्ड’ गीतांचें तसेंच आहे. चाल सर्वांस ठाऊक, म्हणून वादकाचा स्वभाव चटकन् उघडा पडतो. यांतील होगी कारमायकेलचें ‘स्टारडस्ट’ १९२७ सालीं प्रथम मुद्रित झालें, तेव्हां चीथम २२ वर्षांचा होता. पेटनला जें जुनें गाणें, तें चीथमच्या तारुण्यांतलें. म्हाताऱ्याचे सूर थोडे, मधून विसावणारे. परंतु कोठेंही दया करून ऐकावे असे नाहींत. तरुणाचा दम मोठा, तरी तो येथें स्पर्धा करीत नाहीं, हें मला विशेष वाटतें.

मुद्रिका १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं २ जून रोजीं, ९२ वा वाढदिवस ११ दिवसांवर असतां, चीथम वारला. दोनच दिवसांपूर्वींपर्यंत तो वाजवीत होता. ‘स्टारडस्ट’मधील वादनाबद्दल पुढील वर्षीं दोघांस मिळून ग्रॅमी पारितोषिक देण्यांत आलें.