मधली उचलाउचल

जुन्नरहून नाणेघाटात गेले की तिथला दगडी रांजण कोणीतरी दाखवतोच. सातवाहनांच्या काळी त्यात जकात पडे, असे सांगतात. म्हणजे मालाची ने-आण या मुलखाला दोन हजार वर्षांची जुनी! जकातीचा रांजण टिकला. ओझी वाहिली कोणी, ते मात्र कोणी विचारत नाही.

मला ते विचारावेसे वाटले मंचरजवळच्या एका वखारीत. माझा एक विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांबरोबर तिथे हमाली करी. मी गेलो तेव्हा बापलेक कांद्याच्या गोण्यांची थप्पी उतरवत होते.

"सकाळी लावलेली ती हीच का?" मी विचारले.

"हीच की, सर," वडील घाम पुसत म्हणाले. "आधीचा माल भिंतीला, नवा दाराशी. आता गाडी आली ती आधीच्या मालाला. सकाळीच सांगितलं असतं तर मधी वाट ठिवली असती."

"मग या उतरवण्याची मजुरी?"

"गाडीत पडंल त्या गोणीची. मधल्या उचलाउचलीला कोण इचारतंय?"

पन्नास किलोची गोणी दोनदा उचलली की पाठीला शंभर किलो, मजुरी पन्नासाचीच! शेतकरी आपल्या बराखीला, म्हणजे कांद्याच्या चाळीला, वारा खेळावा म्हणून फटी ठेवतो. इथे चारी बाजूंनी भिंती. तळाचा कांदा ऊब धरून सडला होता आणि तो निवडण्याचे कामही फुकटच. मी भीतभीत साहेबांकडे विषय काढला. पंख्याखालून उत्तर आले, "नाहीतरी बसूनच असतात ना?"

तेव्हा कोडे उलगडले. अव्यवस्थेचा खर्च साहेबांच्या वहीत कधी चढतच नव्हता; मग ती सुधारावी कशाला?

हमाल कुणा एका मालकाचा नोकर नसतो, ही अडचण ओळखून महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केले. मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी असावा, ही त्या कायद्याची मोठी देणगी. पण गोण्यांमध्ये वाट ठेवण्याची अक्कल कायद्याने कशी द्यावी?

कॉलेज सुरू झाल्यावर तो विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, साहेब आठवडाभर गावी गेले होते. बाबांनी कोळशानं जमिनीवर वाट आखली. आठवडाभरात एक गोणी दोनदा उचलावी लागली नाही."

"आणि साहेब आल्यावर?"

तो हसला. "पहिल्याच दिवशी त्या वाटेवर थप्पी लावली, सर."